बिनमशीनचा एक्स-रे

माझे दीर दिवाबत्ती खात्यातून बढती मिळून मनःस्वास्थ्य खात्याचे प्रमुख झाले, तेव्हा आता अख्ख्या शहराच्या मनावर उजेड पडणार हे उघडच होतं.

घरात त्यांना सगळे साहेबच म्हणतात. शाळेत वर्गाचे मॉनिटर झाले तेव्हापासूनचं हे नाव, आणि त्यात काही चेष्टा असेल अशी शंका त्यांना आजवर आलेली नाही. लग्न केलेलं नाही. विचारलं की म्हणतात, "प्रस्ताव विचाराधीन आहे." जेवायला आमच्याकडे, झोपायला वरच्या खोलीत, आणि उरलेला सगळा वेळ शहराची सुधारणा. माणूस वाईट नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी जे बोलणार आहे त्यावरून तुमचा गैरसमज व्हायचा.

दिवाबत्ती खात्यात त्यांनी नाव काढलं होतं. चोरी झाली, लावा दिवा. कुणी घसरून पडलं, लावा दिवा. एका गल्लीत नवराबायकोची रोज भांडणं होतात अशी तक्रार आली, तर तिथेही यांनी खांब रोवून दिवा लावला. भांडणं काही थांबली नाहीत, पण ती लांबूनसुद्धा नीट दिसू लागली. साहेबांनी अहवालात त्याला "दृश्यमानतेत लक्षणीय वाढ" असं म्हटलं होतं आणि वरून शाबासकीही आली होती.

त्यांचे थोरले भाऊ म्हणजे आमचे हे. बाजाराच्या कोपऱ्यावर यांचं सलून आहे. यांचा हात इतका हलका की गिऱ्हाईक वस्तऱ्याखाली घोरायचं, आणि तोंड असं चालू की घोरणाऱ्यालाही गप्पा ऐकवायचे. गेल्या वर्षी एका सकाळी शाळेच्या हेडमास्तरांची दाढी करता करता हे मध्येच थांबले. वस्तरा पुसून ठेवला आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसले. बसले ते उठेचनात. हेडमास्तर एका गालाला फेस घेऊन बराच वेळ वाट पाहत राहिले आणि शेवटी अर्धी दाढी घेऊनच शाळेत गेले. त्या दिवशी पोरांनी म्हणे अभ्यास सोडून बाकी सगळं केलं.

"काय झालं हो?" मी विचारलं.

"काही नाही," हे म्हणाले.

आणि ते अगदी खरं होतं. धंदा बरा चालला होता, तब्येत ठीक होती, घरात कुणी गेलं नव्हतं. लोक विचारायचे, "पण कारण काय?" कारण असतं तर मी ते झाडून बाहेर टाकलं असतं. काहीच झालं नव्हतं आणि माणूस मात्र दिवसेंदिवस आटत चालला होता. सकाळी उठून तोंड धुणंही त्यांना डोंगराएवढं वाटायचं. मी आधी समजावलं, मग भांडले, मग रडले, आणि मग घाबरले. एके दिवशी त्यांनी सलूनमधले सगळे वस्तरे फडक्यात गुंडाळून आणले, माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "हे तुझ्या कपाटात ठेव. किल्ली मला देऊ नकोस." मी कपाट लावलं, चप्पल घातली आणि त्यांचा हात धरून त्यांना थेट एक्स-रेच्या खोलीत नेलं.

आता ही एक्स-रेची खोली काय, ते सांगते. आरोग्य कचेरीच्या मागच्या अंगाला ती आहे. भिंती हातभर जाड, दाराला शिशाचा पत्रा, खिडकी नाही. मशीन केव्हाच बिघडून भंगारात गेलं होतं. मग वरून एक समुपदेशक बाई नेमून आल्या. लोकांच्या मनातलं ऐकून घ्यायचं, धीर द्यायचा, वाट दाखवायची, गरज असेल तर डॉक्टरांकडे औषधाला पाठवायचं, असं त्यांचं काम. त्यांना बसायला जागा नव्हती म्हणून ही खोली दिली. दारावरची "एक्स-रे" ही पाटी काढायला कुणी आलं नाही आणि बाईंनीही कुणाला आठवण केली नाही. बाई हुशार होत्या.

मग काय, लोक एक्स-रे काढायला जाऊ लागले. आत जाऊन रडायचं, बोलायचं, नुसतं बसून राहायचं, आणि निघताना बाई प्रत्येकाच्या हातात एक्स-रेचं मोठं तपकिरी पाकीट द्यायच्या. मशीनबरोबर आलेली कोरी पाकिटं तिथे गठ्ठ्यांनी पडून होती. पाकीट काखेत मारलं की माणूस ताठ मानेनं बाहेर. रस्त्यात कुणी विचारलंच तर म्हणायचं, गुडघा. विचारणाऱ्याचीही मागच्या महिन्यात कंबर होऊन गेलेली असायची. तिथे मशीन नाही हे सगळ्या शहराला माहीत होतं आणि सगळ्या शहराची अळीमिळी गुपचिळी होती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ती अशी. माहीत नव्हतं ते फक्त कचेरीतल्या वरिष्ठांना, कारण ते कधी मागच्या अंगाला जायचे नाहीत.

यांचा खांदा ठरला. दर गुरुवारी आम्ही खांद्याचा एक्स-रे काढायला जायचो. मी बाहेर बाकावर, हे आत. पहिले काही आठवडे तर नुसते बसून येत होते, असं बाईंच्या चेहऱ्यावरून वाटायचं. मग एकदा परत येताना वाटेत पोस्टमन दिसला आणि हे म्हणाले, "याचे केस कुणी कापलेत गं? उंदरानं कुरतडल्यासारखे दिसतायत." मी भर रस्त्यात रडायला लागले. नवऱ्यानं दुसऱ्याला नावं ठेवलेली ऐकून एवढा आनंद आजवर कुठल्या बाईला झाला नसेल. पुढच्याच आठवड्यात त्यांनी सलूनचं शटर वर केलं. आधी अर्धा दिवस, नुसते केस. मग एक वस्तरा मागून घेतला.

मला मात्र शपथ घातली होती. "धाकट्याला कळता कामा नये. कुणालाच नको. अगं, मनाचा इलाज चालू असलेल्या माणसाच्या हातात वस्तरा आहे म्हटल्यावर त्याच्यापुढे मान कोण देईल?"

मी शपथ घेतली.

अशात साहेबांची बढती झाली. पहिल्याच दिवशी जेवायला बसले ते लालबुंद होऊन.

"दादा, तू दर गुरुवारी खांद्याचा एक्स-रे कुठे काढतोस रे?"

यांचा घास हातातच राहिला. "कचेरीत."

"मागच्या खोलीत?"

"हो."

"दादा, तिथे मशीनच नाही!"

पाणी भरलेलं असतानाही मी पाणी आणायला उठले.

"मी स्वतः आत जाऊन पाहिलं, वहिनी! एक बाई, दोन खुर्च्या, एक टेबल. आणि बाहेर ही रांग! एकेकाला विचारलं, काय दुखतं? कुणी म्हणे मान, कुणी म्हणे घोटा. आणि निघताना ती बाई हातात पाकीट देते. रिकामं! माझ्या भोळ्या भावाला दर आठवड्याला रिकामं पाकीट देऊन घरी पाठवलं!"

यांनी मान खाली घातली. फसल्याची लाज वाटतेय असा साहेबांचा समज झाला. "तू काळजी करू नकोस, दादा. तुला ज्यांनी फसवलं त्यांना मी सोडत नाही. सगळं कसं पारदर्शक करून टाकतो."

दुसऱ्या दिवशी कागद पाहिल्यावर त्यांना कळलं की बाई चोर नाहीत, रीतसर नेमलेल्या समुपदेशक आहेत. दुसरा एखादा माणूस इथे शहाणा झाला असता. साहेबांनी मात्र रात्रभर विचार करून वेगळाच निष्कर्ष काढला. शहरातल्या कंबरदुखीच्या आणि गुडघेदुखीच्या लोकांनी जुनी पाटी वाचून खोलीत गर्दी केली, आणि मनाचे खरे रुग्ण बिचारे बाहेरच राहिले!

"रोग रेड्याला आणि औषध पखालीला," असं ते मला समजावून सांगत होते. मी म्हटलं, "अगदी खरं आहे, भावजी." दुसरं काय म्हणणार?

मग सुधारणा सुरू झाल्या. सगळ्यात आधी पाटी उतरली. "मनमोकळे संवाद दालन" अशी नवी पाटी आली आणि तिच्याभोवती फिरते दिवे लागले. पाकिटं रद्दीत गेली. मग शिशाच्या पत्र्याचं दार निघालं. मग भिंत फोडली. हातभर जाड भिंत फोडायला गवंड्यांना घाम फुटला, पण साहेब जातीनं उभे होते. भिंतीच्या जागी चकचकीत काच बसवली, कमरेपासून छतापर्यंत. काचेच्या अलीकडे जन्म-मृत्यूच्या दाखल्यांची रांग आणि लस टोचून घेणाऱ्यांची रांग. म्हणजे मनमोकळेपणानं बोलणारा माणूस सगळ्यांना मनमोकळेपणानं बघता यावा.

बाई त्यांना भेटायला गेल्या होत्या. "साहेब, बाकी काय करायचं ते करा. दार तेवढं राहू द्या."

"मॅडम," साहेब म्हणाले, "दारामुळेच तर शंका येते. लपवण्यासारखं काही नसेल तर दार कशाला? उदास असणं हा काही गुन्हा नाही. लोकांनी उजळ माथ्यानं उदास असावं."

हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की ते काचेवरच लिहून घेतलं. काचेच्या वर ध्वनिवर्धक बसवला. "पुढील लाभार्थी, तक्रार उदासीनता, कृपया काचेच्या दालनात यावे." एका बाईंचं नाव आणि "तक्रार, सासू" असं पुकारलं गेलं तेव्हा त्यांची सासू दाखल्याच्या रांगेत उभी होती. पुढे काय झालं ते मी सांगत नाही.

त्या गुरुवारी साहेब बैठकीला बाहेरगावी होते, म्हणून मी यांना कसंबसं तयार करून नेलं. हे आत बसले. बाई हळू आवाजात काहीतरी विचारत होत्या. एवढ्यात लसीच्या रांगेतून हेडमास्तरांनी यांना पाहिलं आणि काचेवर टकटक करून हात हलवला. यांनीही हलवला. हेडमास्तरांनी खुणेनं विचारलं, काय झालं? यांनी खांद्याला हात लावला. हेडमास्तरांनी डोळे वर करून पाटी वाचली, पुन्हा यांच्याकडे पाहिलं, आणि मग नकळत त्यांचा हात स्वतःच्या गळ्याकडे गेला. माणूस चांगला आहे, मुद्दाम केलं नसेल. पण यांनी ते पाहिलं. मीही पाहिलं.

घरी येताना वाटेत पोस्टमन भेटला, यांनी त्याच्या केसांकडेही पाहिलं नाही. सलूनचं शटर पुन्हा खाली आलं आणि वस्तऱ्यांचं फडकं माझ्या कपाटात परत आलं. मी किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली आणि ती रात्रंदिवस तिथेच ठेवली.

इकडे साहेब मात्र हवेत होते. रोज जेवताना आकडे सांगायचे. रांग निम्मी झाली. रांग पाव झाली. मग एक दिवस मिठाईचा पुडाच घेऊन आले.

"वहिनी, तोंड गोड करा! या महिन्यात एकही रुग्ण नाही. एकही! सुधारणा केल्याबरोबर शहर बरं झालं!"

"आणि ते लोक गेले कुठे?" मी विचारलं.

"कुठले लोक?"

"रांगेतले."

"बरे झाले!" साहेब म्हणाले, आणि मिठाईचा तुकडा घेऊन दादाच्या खोलीत गेले. हे भिंतीकडे तोंड करून पडले होते. "झोपू दे त्याला," साहेब दबक्या पावलांनी बाहेर येऊन म्हणाले. "खांदा दुखत असेल. त्या लोकांनी एक धड एक्स-रे काढला असता तर ही वेळ आली नसती."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. सांगावं तर शपथ मोडते, न सांगावं तर माणूस हातचा जातो.

मी यांच्याशी भांडले. "तुमचा भाऊ आहे तो. सांगा त्याला."

"नको."

"मग मी सांगते."

"सांगितलंस तर सलून कायमचं बंद झालं म्हणून समज."

"आता कुठे उघडं आहे?" मी म्हटलं. मी बोलायला नको होतं, पण बोलले.

शेवटी मी बाईंनाच गाठलं. त्या काचेच्या दालनात एकट्याच बसल्या होत्या, दुकानाच्या काचेत ठेवलेल्या बाहुलीसारख्या. म्हणाल्या, "मी घरी येऊन बोलू शकत नाही. दालनाबाहेरचं काम धरायचं नाही असा नवा नियम आहे. आणि आता दालनही राहणार नाही. रुग्ण नाहीत म्हणून माझी जागाच रद्द होतेय. रविवारी सभागृहात शहर ताणमुक्त झाल्याची घोषणा आहे. तिथे साहेब लोकांना विचारणार आहेत, कुणाला काही त्रास आहे का? एकानं जरी हो म्हटलं तर जागा रद्द करता येत नाही. पण चारचौघांत हो कोण म्हणणार?"

"तुम्ही सांगा ना, कोण कोण यायचं ते."

"ते मी कुणालाच सांगणार नाही," बाई म्हणाल्या. मला माझीच लाज वाटली.

घरी येऊन मी यांना सगळं सांगितलं. भिंतीकडचं तोंड भिंतीकडेच राहिलं. ऐकलं की नाही, तेही कळलं नाही. मी स्वयंपाकघरात गेले आणि भांडी अशी घासली की त्यांची कल्हई निघावी.

रविवारी सकाळी हे आपण होऊन उठले. "एक वस्तरा दे," म्हणाले. माझा हात गळ्यातल्या किल्लीवर गेला. "दाढी करायचीय. तू उभी राहा हवं तर." मी दारात उभी राहिले आणि हे स्वतःची दाढी करत असताना त्या हाताकडे बघत राहिले. कुठे कापलं नाही. वस्तरा धुऊन त्यांनी माझ्या हातात परत दिला, इस्त्रीचा शर्ट घातला आणि म्हणाले, "चल."

सभागृह फुग्यांनी भरलं होतं. व्यासपीठावर साहेबांनी जुन्या खात्यातून मागवलेले मोठमोठे दिवे लावले होते. वरून एक पाहुणे आले होते. आधी सामूहिक हास्याचा कार्यक्रम झाला. हास्यवर्गाचे मास्तर सांगतील तसं सगळ्यांनी हसायचं, आधी हळू, मग मोठ्यानं. मीही हसले. ज्यांनी दोन महिन्यांपूर्वी एक्स-रेच्या बाकावर माझ्याशेजारी बसून डोळे पुसले होते, ते सगळे तिथे होते आणि सगळे पोट धरून हसत होते. हे मात्र हसले नाहीत.

मग साहेब उभे राहिले. "मित्रहो, आता फक्त एक औपचारिकता. ज्यांच्या मनाला काही त्रास असेल, त्यांनी निःसंकोच हात वर करावा."

लोक छताकडे बघू लागले, फुग्यांकडे बघू लागले.

माझ्या शेजारचा हात वर गेला.

"हात दाखवून अवलक्षण!" मागून कुणीतरी पुटपुटलं. साहेबांच्या डोळ्यांवर त्यांनीच लावलेल्या दिव्यांचा झोत होता, त्यांना समोर अंधाराशिवाय काही दिसत नव्हतं. "एकही नाही!" ते आनंदानं म्हणाले. "नोंद घ्यावी."

एक स्वयंसेविका धावत आली. "काका, पाणी हवंय का?"

"नको," हे म्हणाले. हात वरच.

"बाथरूम डावीकडे आहे."

"नको."

"मग हात खाली घ्या ना, काका. फोटो चाललेत."

पाहुण्यांना मात्र हात दिसला असावा. ते साहेबांच्या कानाशी लागले. साहेबांनी डोळ्यांवर पंजा धरला. "कोण आहे? कृपया पुढे या. उजेडात या."

हे उठले. मी त्यांचा शर्ट धरला होता, का ते मला अजून सांगता येत नाही. मग सोडला. हे दोन्हीकडच्या खुर्च्यांच्या मधून सावकाश चालत व्यासपीठापर्यंत गेले.

"दादा?" साहेबांच्या समोर माइक होता, म्हणून तो दादा सगळ्या शहरानं ऐकला. "तुला काय पाहिजे?"

"त्या बाई पाहिजेत."

"कुठल्या बाई?"

लोक हसले. सकाळपासून हसायची सवय लागली होती.

"एक्स-रेच्या."

"अरे, तुझ्या खांद्याचं आपण मोठ्या दवाखान्यात..."

"खांद्याला काही झालेलं नाही रे," हे म्हणाले. "कधीच नव्हतं. मला जगावंसं वाटत नव्हतं. तिथे जाऊन बसत होतो. दार होतं तोवर बरा होत होतो."

आता कुणी हसलं नाही. साहेबांचं तोंड उघडं होतं आणि त्यातून काही येत नव्हतं. इतक्या वर्षांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. पाहुण्यांनी घसा खाकरला आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "एकूण लोकसंख्येच्या मानानं एक म्हणजे नगण्यच धरतात. घोषणेला हरकत नसावी."

"नगण्य नाही," साहेब म्हणाले. "तो माझा दादा आहे."

आणि त्यांनी हातातला घोषणेचा कागद घडी घालून खिशात ठेवला. फुगे तसेच राहिले. लोक हळूहळू उठून गेले. जाताना यांच्याशी कुणी बोललं नाही, पण दोघातिघांनी चालता चालता यांच्या पाठीवर हात ठेवला. तेवढंच.

बाईंची जागा राहिली. पण काच? तिचं उद्‌घाटन झालेलं, तिच्यावर उद्‌घाटकांचं नाव कोरलेलं. ती काढायची तर समिती पाहिजे, आणि समितीचे अध्यक्ष परदेशात काचेच्या इमारतींचा अभ्यास करायला गेलेले. निदान पडदा तरी लावा म्हटलं, तर पडदे फक्त खाटा असलेल्या विभागाला मंजूर होतात. साहेबांनी स्वतःच्या सहीनं अर्ज केला आणि तो नियमाप्रमाणे स्वतःच नामंजूर केला. त्या दिवशी ते जेवले नाहीत. "वहिनी," म्हणाले, "मी त्याच्या शेजारी बसून रोज जेवत होतो हो." बोलण्यासारखं बरंच होतं, पण त्यांचं तोंड बघून ते माझ्याच पोटात राहिलं.

यांनी सलून उघडलं. यांची भीती काही खोटी नव्हती. लोक आले, पण सगळे केस कापायला. "दाढी आज घरीच केली," असं म्हणायचे, आणि गालावर आठवड्याचे खुंट. हे काही न बोलता केस कापायचे. आमच्या गल्लीतल्या पुरुषांनी त्या महिन्यात जेवढ्या दाढ्या वाढवल्या तेवढ्या कुणी तपश्चर्येसाठीही वाढवल्या नसतील.

गुरुवार आला. मी यांना घेऊन कचेरीत गेले, तर साहेब आधीच काचेपाशी उभे. हे आत जाऊन बसल्यावर त्यांनी ध्वनिवर्धकाची वायर उपटली, काचेकडे पाठ केली, हात मागे बांधले आणि आत यांची खुर्ची जिथे होती, नेमके तिथे बाहेरून उभे राहिले. साहेबांचा देह मूळचाच ऐसपैस, त्यात इतकी वर्षं माझ्या हातचं जेवलेले. खुर्चीपुरती काच पूर्ण झाकली गेली. दाखल्याच्या रांगेतले लोक बघायला लागले.

"साहेब, इथे काय करताय?" एकानं विचारलं.

"काम चालू आहे," साहेब म्हणाले. "पुढे बघा."

बराच वेळ ते तसेच उभे होते. पाय दुखायला लागले असणार, सवय नाही. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "वहिनी, दादा आत काय बोलतो हो?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "म्हणूनच तर बोलतात."

साहेबांनी मान हलवली आणि पुन्हा समोर पाहू लागले. तेवढ्यात दाखल्याच्या रांगेतली एक बाई रांग सोडून आमच्याकडे आली. मी तिला ओळखत नव्हते. तिनं आजूबाजूला पाहिलं, हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली, आणि अगदी बारीक आवाजात विचारलं, "साहेब, तुम्ही उद्यासुद्धा इथे उभे असता का?"

साहेबांनी रांगेकडे पाहिलं. रांगेतले आणखी दोघेतिघे उत्तराची वाट बघत होते, आणि आपण वाट बघत नाही असं दाखवत होते.

"असतो," साहेब म्हणाले. "रोज असतो."